गूज बेवर अकरा महिने

रंगनाथ लिमये उभ्या आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नाहीत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याशी पाच मिनिटं बोललेल्या माणसाचा हमखास उलटा समज होतो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक एकाच टेबलाशी, आणि सर्वांत धाडसी प्रवास म्हणजे खात्याच्या जीपमधून भाटघर धरण. पण लोहगावला कोणत्या वाऱ्याला विमान कोणत्या बाजूने उतरवतात हे ते दुधाची पिशवी हातात घेऊन जिन्यात उभं राहून समजावतात. कोणी विचारलेलं नसतं.

मी त्यांची भाडेकरू, दीपमाला. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे आणि त्याला लागून असलेली, वेगळ्या दाराची एक खोली माझ्याकडे आहे. मी मूळची वाशिमची. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. खोली पाहायला आले तेव्हा काकांनी हे ऐकून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की मग आमच्या घरात आपला वेळ जाणं कठीण आहे.

काका रोज दुपारी चारला उडतात. अर्थात संगणकावर. खुर्चीत बसून विमान चालवल्याचा आभास देणारा एक जुना सिम्युलेटर त्यांच्याकडे आहे, २००६ सालचा, आणि त्याला नंतर एकेक करून जोडलेले चौतीस ॲड-ऑन. कुठे नवे विमानतळ, कुठे खऱ्यासारखे ढग, कुठे इंजिनाचा आवाज. टेबलावर विमानाचा दांडा, टेबलाखाली पायांनी दाबायची पेडलं. उडताना काका बूट घालतात. स्वतःच्या घरात, पुसलेल्या फरशीवर, लेस बांधून. विमलाबाईंनी, म्हणजे काकूंनी, या बाबतीत फार पूर्वीच हात टेकले. काकूंची तक्रार वेगळीच असते, ती म्हणजे इस्त्रीची. इस्त्रीच्या तळाला एक पिवळट चिकट पट्टा बसलाय. तो घासून जात नाही आणि साड्यांना डाग पाडतो. काकांचं मत असं की हल्लीच्या इस्त्र्याच तसल्या निघतात.

या जोडप्याला एकच मुलगी, श्रद्धा. ती कॅनडात हॅलिफॅक्सला असते. चार वर्षांपूर्वी तिला दिवस गेले तेव्हा तिने आईवडलांच्या व्हिसाची सगळी खटपट केली. व्हिसा मिळाले, पासपोर्ट घरी आले, आणि आठवड्याभराने तिने दोघांची तिकिटं पाठवली. त्यावर काकांनी जाहीर केलं की मला न विचारता तारीख ठरवणारी ही कोण. विचारायची एक पद्धत असते. श्रद्धाने विचारलं की बाळाने कोणाला विचारून तारीख ठरवायची. शब्दाने शब्द वाढला. शेवटी ती म्हणाली, नका येऊ, आणि काकांनी ते ताबडतोब मान्य केलं. मुलीचं एवढं बोलणं त्यांनी त्याआधी कधी ऐकलं नसावं. काकूंनी नवऱ्याला सोडून एकटीने जायचं नाकारलं, बाळंतपण परक्या बाईने केलं, आणि नातू शुभंकर आता चार वर्षांचा होईल. बापलेकीत तेव्हापासून एक शब्द नाही.

काकू रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून मुलीशी फोनवर बोलतात. तेवढा वेळ काका हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बारीक करून बातम्या बघतात.

भांडणानंतर महिन्याभराने काकांनी लोहगावहून एक विमान उडवलं. दोन पंख्यांचं, एकोणीस आसनांचं, जुन्या बनावटीचं. अहमदाबादला उतरवलं आणि तिथेच ठेवून संगणक बंद केला. पुढच्या वेळी अहमदाबादहून भूज. मग मस्कत. कराची टाळली, कारण ती आपल्या तत्त्वात बसत नाही. ही तत्त्वं संगणकातल्या कराचीलाही लागू होती. नियम एकच, जिथे उतरलो तिथूनच पुढे निघायचं आणि त्याच विमानाने. तीन वर्षांत सत्तावीस टप्पे झाले. अरबस्तान झालं, युरोप झाला, स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड. भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यावर लाल पेन्सिलीची रेघ. ही रेघ कुठे चाललीय हे तिसरीतल्या पोरानेही सांगितलं असतं. काका मात्र विचारल्यावर म्हणत, असंच, हवापालट.

कॅनडाच्या टोकाला गूज बे नावाचा विमानतळ आहे. तिथून हॅलिफॅक्स एक टप्पा, पावणेतीन तासांचा. गूज बेला पोचल्यावर काकांनी विमान उभं केलं आणि ते अकरा महिने तिथेच राहिलं. कारण विचारलं तर हवा खराब. या सिम्युलेटरमध्ये एक बटण दाबलं की आकाश निरभ्र होतं. मी ते त्यांना दाखवलं. ते म्हणाले की निसर्गाशी असा खेळ करणाऱ्यांमुळेच आज ही वेळ आली आहे. कोणती वेळ ते सांगितलं नाही. चार वाजता बूट घालायचे, गूज बेच्या धावपट्टीवरचा बर्फ बघायचा आणि पाच वाजता बूट काढायचे.

मग एका मंगळवारी त्यांच्या जुन्या संगणकाने जीव सोडला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की याचे भाग आता मिळत नाहीत. काका दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवा संगणक घरात आला आणि शनिवारी सकाळी माझं दार वाजलं. हातात वही, वहीत चौतीस ॲड-ऑनची यादी, कोणता कोणाच्या आधी घालायचा याच्या क्रमाने. अहो दीपमाला, म्हणाले, आपल्याला तशी शनिवारी सुट्टीच असते. मला शनिवारी झोप असते, पण ती वहीत बसत नव्हती.

नव्या संगणकाला डीव्हीडी घालायला फटच नाही हे कळल्यावर काका त्याच्याकडे बराच वेळ मागून पुढून बघत राहिले. एवढं मोठं यंत्र आणि तोंडच नाही. मी ऑफिसच्या अडगळीतून बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह आणला. मग नव्या विंडोजने जुन्या प्रोग्रॅमला दारातच अडवलं. तो नेहमीच्या फोल्डरमधून उचलून दुसरीकडे घालावा लागला. इथवर माझा दिवस गेला. दुसऱ्या शनिवारी मी घाई केली. वहीत अठरावा होता जमिनीचे चढउतार आणि एकोणिसावा विमानतळ. मी एकोणिसावा आधी घातला, काय फरक पडतो म्हणून. फरक असा पडला की गूज बेचा विमानतळ एका टेकडीच्या पोटात गेला आणि धावपट्टीवर सुरूची झाडं उगवली. काकांनी चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "पगार घेता ना?" सगळं काढून मी पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता की काकूंनी दिलेलं थालीपीठही मी रागारागात खाल्लं. चार खाल्ली.

तिसऱ्या शनिवारी तेहतीस ॲड-ऑन जागच्या जागी बसले. जुन्या डिस्कवरून मी गूज बेला उभ्या असलेल्या विमानाची नोंदही उचलून आणली होती. राहिलं होतं फक्त ते विमान, चौतिसावं. ते घालताना चावी मागतं, पंचवीस अक्षरांची. विमान बनवणारी परदेशी कंपनी सात वर्षांपूर्वी बंद पडली होती, त्यामुळे चावीशिवाय दुसरा रस्ता नव्हता. मी सुचवलं की दुसरं विमान घ्या, सिम्युलेटरमध्ये फुकट डझनभर आहेत. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू दुसरं लग्न सुचवलं होतं.

"चावी आहे," ते म्हणाले. "जपून ठेवली आहे."

इथे काकांच्या जपण्याविषयी सांगायला हवं. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती घरगुती लॅमिनेशनचं मशीन. त्यानंतर या घरातला कुठलाही कागद उघड्यावर राहिला नाही. रेशनकार्ड, विजेची बिलं, श्रद्धाचं पाचवीचं प्रगतिपुस्तक, काकूंच्या हातची लोणच्याची कृती, सगळं प्लास्टिकमध्ये. माझा भाडेकरारही. त्यावर पुढच्या वर्षी सही करायची होती, ती मग प्लास्टिकवर मार्करने केली. जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने काकांकडून कागद कसे सांभाळावेत यावर किमान एकदा ऐकून घेतलेलं आहे.

त्यांनी आतल्या खोलीतून एक चकचकीत पान आणून माझ्या हातात ठेवलं. ते काळंकुट्ट होतं. एका कडेला तारीख दिसत होती, २००८ ची. त्या वर्षी श्रद्धाला हैदराबादला पहिली नोकरी लागली होती. तिने स्वतःच्या कार्डावर वडलांना हे विमान घेऊन दिलं आणि चावी तिच्या ईमेलवर आली. काकांना तेव्हा ईमेल नव्हतं, म्हणून तिने ती खात्याच्या फॅक्सवर पाठवली. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने काळा पडतो. काकांनी तो गरम मशीनमधून काढून कायमचा सुरक्षित केला होता.

मी म्हटलं की हे काळं झालंय. ते म्हणाले, काळं आहे, पण फाटणार नाही.

उपाय तर समोर होता. चावीचं मूळ पत्र श्रद्धाच्या ईमेलमध्ये असणार. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हटलं, उद्या बोलाल तेव्हा एवढं विचारा. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चार वर्षं मी दोघांचे निरोप पोचवतेय. ते काय म्हणाले, ती काय म्हणाली. आता बास. ज्याचं विमान, त्याने मागावं."

काकांनी मागितलं नाही. त्यांनी बंद पडलेल्या कंपनीला सरकारी इंग्रजीत तीन पत्रं लिहिली. पहिलं विनंतीचं, दुसरं स्मरणपत्र, तिसरं कडक. उत्तर आलं नाही याचा त्यांना खरोखर राग आला. पण चार वाजता ते बूट घालून नव्या पडद्यासमोर बसत, आणि पडद्यावर गूज बे दिसे, बर्फ दिसे, आणि विमान उभं होतं ती जागा रिकामी दिसे. तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझी चेष्टा करायची इच्छा जाई. माझ्यासारखीची जाई, म्हणजे बघा.

चौथ्या शनिवारी काकू भाजीला गेल्या होत्या. काका म्हणाले की आतल्या कपाटात अजून एक फाइल आहे, कदाचित चावी दुसरीकडे उतरवून ठेवली असेल. मी फाइल उघडली. वरचे चार कागद काढले आणि खाली दोन पासपोर्ट होते. एक काकांचा, एक काकूंचा. दोन्ही पापडासारखे वाकलेले. आतलं पान प्लास्टिकने झाकलेलं, आणि प्लास्टिकखाली कॅनडाचा व्हिसा तपकिरी होऊन फुगलेला.

मी वळून पाहिलं. काका दारात उभे होते.

ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. व्हिसाचा तो चिकटवलेला कागद कोपऱ्यातून थोडा उकलल्यासारखा वाटला. परदेशात कोणी हरकत घेतली तर? पासपोर्ट मशीनमध्ये जाईना, जाड होता. मग प्लास्टिक कापून पानावर ठेवलं आणि वरून इस्त्री फिरवली. आधी काकूंच्या, कारण स्वतःचा बिघडायला नको. तो चांगला झाल्यासारखा वाटला म्हणून मग स्वतःच्या. गार झाल्यावर दोन्ही वाकले. दुसऱ्या दिवशी श्रद्धाची तिकिटं आली.

म्हणजे तारीख, पद्धत, मान, सगळं नाटक. जगाला कागद कसे जपावेत हे शिकवणाऱ्या माणसाला आपण पासपोर्टला इस्त्री केली हे सांगता आलं नाही. ना मुलीला, ना बायकोला. नवा पासपोर्ट काढायचा तर खराब कसा झाला ते लिहून द्यावं लागतं. तेही जमलं नाही. त्यापेक्षा त्यांना तीन वर्षं विमान चालवत कॅनडा गाठणं सोपं वाटलं.

"हे घरात कळायला नको," काका म्हणाले.

राग आला की माझ्या तोंडात वाशिम येतं. "काका, तुम्ही काय करून राहिले हे? तिकडे ती लेकरू घेऊन बसली अन् इकडे काकू रोज दार लावून रडतात. संध्याकाळपर्यंत पोरीला फोन करा. नाहीतर ही फाइल मी काकूंपुढे ठेवीन."

भाडेकरूने असं बोलू नये. काकांनी मला तसं सांगितलंही. मग विचारलं की तिकडे आत्ता किती वाजले असतील.

साडेपाचला त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ. काकू परत येऊन स्वयंपाकघरात होत्या. काकांनी बूट घातले होते. फोन टेबलावर ठेवून त्यांनी आवाज मोठा केला, कारण हात मोकळे हवेत.

"हॅलो, श्रद्धा? रंगनाथ लिमये बोलतोय, पुण्याहून."

पलीकडे चाललेला टीव्ही बंद झाला. मग, "बोला."

"ती विमानाची चावी हवी होती. आपण दोन हजार आठ साली फॅक्स केली होती."

"लिहून घ्या." तिने शोधाशोध केली नाही. चावी समोरच असल्यासारखी ती वाचू लागली. "ब्रॅव्हो, सेव्हन, इको, इको, टू."

वैमानिक अक्षरं अशी उच्चारतात. ती सात वर्षांची असताना काकांनीच तिला शिकवली होती. काकांनी ती पाच अक्षरं तशीच परत म्हटली, कारण ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं असतं. मग पुढची पाच. पंचवीस अक्षरं ती म्हणाली आणि ते मागून म्हणाले. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

मी चावी घातली. गूज बेच्या बर्फात दोन पंख्यांचं विमान येऊन उभं राहिलं.

"लागली," काका म्हणाले.

"बरं."

फोन कोणीच ठेवला नाही. काकांनी दांड्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"तिकडे वारा कुठून आहे?"

काचेचं दार सरकल्याचा आवाज आला. "वायव्येकडून. बत्तीस नंबरची धावपट्टी घ्या."

विमान म्हटलं की ही मुलगी लहानपणी खोलीबाहेर जायची, हे काकूंनीच मला सांगितलं होतं. काकांनी विचारलं, तुला काय माहीत. ते चार वर्षांनी तिला तू म्हणाले.

"आई रोज सांगते, कुठे पोचलात ते. अकरा महिने तुम्ही गूज बेला बसून आहात, बाबा. तेवढ्यात धावपट्ट्या पाठ होतात."

काकांनी चष्मा काढून की-बोर्डवर ठेवला.

"श्रद्धा, ते तू विचारलं नाहीस म्हणून नव्हतं. पासपोर्ट मी लॅमिनेट केले होते. दोघांचे. मशीनमध्ये जाईनात, म्हणून इस्त्री फिरवली. मला सांगता आलं नाही."

काकू दारात आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"माझी इस्त्री?" त्यांनी विचारलं.

काकांनी मान हलवली. काकू आत गेल्या, इस्त्री घेऊन आल्या आणि टेबलावर, त्या दांड्याशेजारी ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी तिथून निघून जायला हवं होतं असं मला वाटलं.

"तुमचा मान राहावा म्हणून मी लेकीच्या बाळंतपणाला गेले नाही. आणि मान वगैरे काही नव्हतंच. इस्त्री होती."

काकांनी इस्त्रीचा तो पिवळट पट्टा बोटाने चोळला. ते रडत होते. फोनमधून आवाज येत होता, पण श्रद्धा हसतेय की रडतेय ते मला अजून कळलेलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, किती वेळ लागेल इथे यायला?"

"दोन तास पन्नास मिनिटं."

"मग निघा. आम्ही जेवायला थांबतो."

काकूंनी खुर्ची ओढली आणि त्या दांड्याच्या शेजारी बसल्या, चार वर्षांत पहिल्यांदा. बघते कुठे नेताय, म्हणाल्या. पूर्ण प्रवासात नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. नऊला दहा मिनिटं असताना विमान बत्तीस नंबरच्या धावपट्टीवर दोनदा आपटून तिसऱ्यांदा टेकलं, इतकं वाईट की काकांनी हवेला दोष द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. श्रद्धाने मधेच व्हिडिओ लावून तिकडे फोन उभा करून ठेवला होता. टेबलाशी ती, तिचा नवरा आणि शुभंकर बसले होते. ताटं पाच मांडली होती.

काकू काकांशी पुढे नऊ दिवस बोलल्या नाहीत. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. दहाव्या दिवशी काका माझ्या दारात आले, हातात एक कागद. पासपोर्ट कार्यालयाला द्यायचं पत्र, त्यांच्या वळणदार अक्षरात. पासपोर्ट माझ्या चुकीमुळे खराब झाले, माझ्या पत्नीचा यात काही दोष नाही, असं त्यात लिहिलं होतं. तपासून द्या, म्हणाले, चुका काढा.

मी दोनदा वाचलं. काढायला काही नव्हतं. त्यांनी कागद परत घेतला आणि घडी घालून, तसाच उघडा, खिशात ठेवला.